कांद्याचं बी अजून किती टिकेल, हे मोजायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या गोंड्यांतून गेल्या वर्षीच्या मे महिन्यात काढलेलं दोन किलो उळं, म्हणजे कांद्याचं बी, कापडी पिशवीत घालून पत्र्याच्या डब्यात ठेवलंय. ऑक्टोबरात त्यातल्या ५० बिया ओल्या फडक्यात ठेवल्या, ४६ उगवल्या. या जूनमध्ये पुन्हा ५० ठेवल्या, ४१ उगवल्या. "आठ महिन्यांत दहा टक्के गेले. म्हणजे अजून नऊ-दहा महिने तरी बी ७० टक्क्यांच्या वर राहील. थोडं यंदा वापरून उरलेलं पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरसाठी ठेवलं तर चालेल का? आणि कांद्याचं बी नक्की किती वर्षं टिकतं?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वर्षांत देता येत नाही. पुस्तकात "कांदा १ वर्ष" असं लिहिलेलं असतं, ते उघड्या हवेतल्या साठवणीपुरतं खरं आहे. तेच बी नीट वाळवून हवाबंद बरणीत थंड जागी ठेवलं तर पाच-सात वर्षंही चांगलं राहतं, आणि पावसाळ्यात गोणीत राहिलं तर दिवाळीपर्यंत निकामी होतं. बी किती म्हातारं झालं हे त्याने सोसलेल्या ओलीवर आणि उष्णतेवर ठरतं, कॅलेंडरवर नाही. म्हणून खरे प्रश्न दोन आहेत: तुमचं बी आज घसरणीच्या कुठल्या टप्प्यावर आहे, आणि पुढची घसरण कोणत्या वेगाने होणार. तुम्ही दोनदा मोजलंत हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण पेरणीच्या आठवड्यात एकदाच मोजतात. पण त्या दोन आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकतोय, आणि चूक दोन ठिकाणी आहे.

पहिली चूक नमुन्याची. कांद्याच्या हजार बियांचं वजन साधारण साडेतीन ग्रॅम भरतं. दोन किलोत साडेपाच लाखांच्या वर बिया झाल्या. त्यातल्या ५० उचलून ४१ उगवल्या, तर खरी उगवण ७१ ते ९३ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. ऑक्टोबरातल्या ९२ चीही तीच गत, सात-आठ टक्के इकडे किंवा तिकडे. म्हणजे हा दहा टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. १०० बियांवर ही अनिश्चितता आठ टक्क्यांवर येते, ४०० वर चारवर. प्रयोगशाळेत १०० बियांचे चार संच लावतात ते याचसाठी. ४०० बिया म्हणजे दीड ग्रॅमही नाही, त्यामुळे बी वाया जाण्याची काळजी करू नका. सोयाबीनच्या बाबतीत शंभर दाणे मोजून काढताना हात आखडतो, कांद्याच्या बाबतीत तसं काही कारण नाही.

नमुना घेताना डब्याच्या वरून चिमूट उचलायची नाही. वर, मध्ये आणि तळाशी ओल वेगळी असते. तिन्हीकडून मूठभर काढा, ताटात एकत्र करून ढीग करा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग ठेवा आणि बाकीचे परत टाका. चमचाभर उरेपर्यंत हे करत राहा. मग ढिगाच्या एका कडेने ओळीने मोजत जायचं, येईल ती बी घ्यायची. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते: बोटं आपोआप टपोऱ्या, काळ्याभोर बिया उचलतात आणि पोचट, सुरकुतलेल्या मागे राहतात. साफ केलेल्या बियाण्यात जे काही शेतात जाणार आहे, ते सगळं मोजणीत आलं पाहिजे.

फडक्यापेक्षा जाड टिश्यू पेपर किंवा टॉवेल पेपर बरा. दोन थर खाली, एक वर. कागद भिजवून निथळू द्या. बोटाने दाबल्यावर बोटाभोवती पाण्याचं वलय दिसलं तर पाणी जास्त आहे, बी गुदमरेल. बिया एकमेकींना चिकटून ठेवू नका, मेलेल्या बीवरची बुरशी शेजारणीवर चढते. दोन बियांत निदान बोटाच्या पेराएवढं अंतर हवं. कागदाची सैल गुंडाळी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत उभी ठेवा, तोंड अर्धवट उघडं. प्रत्येक गुंडाळीवर पेन्सिलने तारीख आणि संच क्रमांक लिहा. शाई ओल्या कागदावर पसरते.

मोजणी सहाव्या दिवशी आणि बाराव्या दिवशी. मोड आला म्हणजे उगवली असं धरू नका, तुमच्या ४१ मध्ये बहुधा तसं झालं असेल. कांद्याचं निरोगी रोप ओळखायची खूण स्पष्ट आहे: हिरवी दांडी मध्येच वाकून तिला गुडघा येतो, टोकाशी बीची काळी टोपी अडकलेली असते आणि खाली मूळ सरळ, पांढरं असतं. गुडघाच न आलेलं, मूळ खुंटलेलं किंवा टोक काचेसारखं पारदर्शक झालेलं रोप वाफ्यात जमिनीच्या वर येत नाही. ते विकृत म्हणून वेगळं लिहा. बी म्हातारं होतं तेव्हा आधी विकृत रोपं वाढतात, मेलेल्या बिया नंतर. त्यामुळे तीन रकाने ठेवा: चांगली रोपं, विकृत, मेलेल्या. चार संचांचे आकडे ८०-८२ च्या आसपास असतील तर सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यात १५-१६ पर्यंत फरक चालतो. ८५, ८२, ७९ आणि ६४ असं आलं तर सरासरी काढू नका. चौथी गुंडाळी वाळली किंवा बुरसली असणार, सगळं पुन्हा लावा.

आता तापमान. कांद्याच्या चाचणीचं ठरलेलं तापमान २० अंश सेल्सियस आहे. ३५ च्या वर गेलं की चांगलं बीही नीट उगवत नाही. तुमची पहिली चाचणी ऑक्टोबरातली, दुसरी जूनमधली. घरात दोन्ही वेळी सारखं तापमान असणं शक्य नाही, तेव्हा दहातले काही टक्के उकाड्याने खाल्ले असतील. घरातली सगळ्यात गार, सावलीची जागा निवडा. माठाच्या बुडाशी ओल्या वाळूत पिशवी ठेवली तरी चालतं. प्रत्येक वेळी जागा तीच. आणखी एक उपाय मी सगळ्यांना आवर्जून सांगतो: याच बियाण्यातलं वीस-तीस ग्रॅम नीट वाळवून, काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. ते साक्षीदार बी. दर वेळी त्याचे १०० दाणे सोबत लावा. फ्रिजमधलं बी एवढ्यात पडायला नको. डब्यातलं पडलं आणि साक्षीदार जागेवर राहिलं, तर घसरण खरी. दोन्ही पडली तर दोष चाचणीचा.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची आहे. तुम्ही घसरण सरळ रेषेत धरलीत: आठ महिन्यांत दहा, म्हणजे पुढच्या आठ महिन्यांत आणखी दहा. बियाणं असं मरत नाही. एका ढिगातल्या बियांची आयुष्यं कमीजास्त असतात. फार लवकर मरणाऱ्या थोड्या, फार उशिरा मरणाऱ्या थोड्या, बहुतेक मधल्या. त्यामुळे उगवणीचा आलेख आधी बराच काळ आडवा, मग एकदम उतार, शेवटी पुन्हा संथ, असा उलट्या एससारखा येतो. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातल्या एलिस आणि रॉबर्ट्स यांनी १९८० साली याचं समीकरण मांडलं, जनुकपेढ्या (वाणांचं बी वर्षानुवर्षं जतन करणाऱ्या संस्था) आजही तेच वापरतात. त्यातली युक्ती साधी आहे: टक्क्यांचं रूपांतर प्रॉबिट या मोजपट्टीत केलं की वाकडा आलेख सरळ होतो, आणि सरळ रेषा पुढे वाढवता येते.

गणित घाबरण्यासारखं नाही. एक्सेलमध्ये नॉर्म-एस-इन्व्ह (NORM.S.INV) या सूत्रात ०.९८ टाकलं की २.०५ मिळतात. ९३ टक्क्यांचे १.४८, ९० चे १.२८, ८५ चे १.०४, ८० चे ०.८४, ७० चे ०.५२ आणि ५० टक्क्यांचा शून्य. समजा एखादं बी ९८ टक्क्यांवर होतं आणि एका वर्षात ९३ वर आलं. शेतकरी म्हणेल, पाचच टक्के गेले, चिंता नाही. पण प्रॉबिटमध्ये ०.५७ गेले, आणि साठवण तशीच राहिली तर दर वर्षी ०.५७ च जातील. टक्क्यांत ते असं दिसतं: ९८, ९३, ८२, ६३, ४१, २१. पहिल्या वर्षी पाच टक्के, दुसऱ्या वर्षी अकरा, तिसऱ्या वर्षी एकोणीस. सरळ रेषेच्या हिशेबाने ७० टक्क्यांवर यायला साडेपाच वर्षं लागायला हवी होती, प्रत्यक्षात पावणेतीन वर्षांत ते तिथे येतं. ९८ वरून ९३ हीच धोक्याची घंटा असते. तिला कुणी भीक घालत नाही आणि दोन वर्षांनी "बियाणं अचानक गेलं" म्हणतात. अचानक काही गेलेलं नसतं.

तुमचे आकडे, आहेत तसे खरे धरून, याच पट्टीवर ठेवू. ९२ टक्के म्हणजे १.४१, ८२ म्हणजे ०.९२. आठ महिन्यांत ०.४९ गेले. याच वेगाने येत्या ऑक्टोबरात बी ७५ टक्क्यांवर असेल, डिसेंबर संपता संपता ७० वर, आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात ४८ वर. तुमच्या सरळ हिशेबाने तेव्हा ६२ यायला हवेत. ७० ही कांद्याच्या प्रमाणित बियाण्याची किमान मर्यादा आहे. तेव्हा आहे त्या स्थितीत पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

आणि ही आकडेमोडही आशावादी आहे. तुमचा वेग ऑक्टोबर ते जून या काळातला, म्हणजे बराचसा कोरड्या महिन्यांतला. आता चार महिने पावसाळा आहे. कापडी पिशवी आणि पत्र्याचा साधा डबा बाहेरची ओल अडवत नाहीत. जुलै-ऑगस्टच्या हवेत बी पाणी ओढून घेतं आणि महिन्याभरात बाहेरच्या दमटपणाशी जुळतं. कांद्याच्या बीत हवेची आर्द्रता ३० टक्के असेल तर साधारण ८ टक्के ओल राहते, ६० ला ११ टक्के, ७५ ला १३ टक्क्यांच्या वर. कॅलिफोर्नियातल्या हॅरिंग्टन यांचा जुना ठोकताळा असा: बीतली ओल एका टक्क्याने कमी केली की आयुष्य दुप्पट, साठवणीचं तापमान पाच-साडेपाच अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. तो ५ ते १४ टक्के ओलीच्या पट्ट्यातच लागू पडतो आणि ठोकताळाच आहे, पण दिशा अचूक दाखवतो. १३ वरून ८ वर म्हणजे पाचदा दुप्पट, बत्तीसपट. घरच्या साठवणीत इतका फरक पाडणारं दुसरं काही नाही.

ओल मोजायला भट्टी किंवा महागडं यंत्र लागत नाही. काचेच्या बरणीत तीन-चतुर्थांश बी भरा, छोटा डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता दाखवणारं यंत्र) आत ठेवा, झाकण घट्ट लावा आणि सावलीत एक दिवस तसंच राहू द्या. मग जो आकडा दिसेल तो बीने स्वतः ठरवलेला असतो. ६५ दिसले तर बीत साधारण १२ टक्के ओल आहे. ३० दिसले तर ८. स्वस्त हायग्रोमीटर पाच-सहा टक्के इकडेतिकडे दाखवतात, म्हणून आधी तपासून घ्या: बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ, त्यात चार-सहा थेंब पाणी, मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे. बूच आणि हायग्रोमीटर एका बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसले पाहिजेत. ७९ दिसले तर तुमचं यंत्र चार जास्त दाखवतं, झाकणावर लिहून ठेवा.

जूनच्या हवेत उन्हात वाळवून काही साधणार नाही. मे महिन्यातही बी ताडपत्रीवर थेट उन्हात पसरू नये, तिथे तापमान पन्नाशीच्या पुढे जातं आणि ओलसर बी भाजून निघतं. आता सिलिका जेल, म्हणजे ओल शोषून घेणारे दाणे, हाच मार्ग. नारिंगी रंगाची घ्या, ओलीने हिरवी होते. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, घरात लहान मुलं असतील तर नकोच. बी सुती पिशवीत, तेवढ्याच वजनाची जेल दुसऱ्या पिशवीत, दोन्ही एका हवाबंद डब्यात. जेल हिरवी झाली की ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन-तीन तास तापवली की पुन्हा कामाला येते. किती वाळलं हे वजनकाट्यावर कळतं. १२ टक्के ओलीचं दोन किलो बी ८ टक्क्यांवर आलं की वजन १,९१३ ग्रॅम भरतं, म्हणजे ८७ ग्रॅम पाणी गेलं. तो आकडा आला की जेल काढून घ्या आणि बी लगेच बरणीत बंद करा. हवाबंद साठवणीसाठी प्रमाणित कांदा बियाण्यात ६ टक्के मर्यादा असते, जमलं तर तिथपर्यंत जा, त्याखाली घाई करण्यात फायदा नाही. फ्रिजमध्ये ठेवलंत तर बाहेर काढल्यावर बरणी रात्रभर बंदच राहू द्या. गार बरणी उघडली की बियांवर दव धरतं आणि सगळी वाळवण वाया जाते.

पुढची मोजणी सोपी व्हावी म्हणून बंद करण्याआधीच तीन-तीन ग्रॅमच्या आठ-दहा पुड्या फॉइलच्या पाकिटांत किंवा छोट्या बाटल्यांत वेगळ्या करा. दर वेळी एक फोडायची, मुख्य बरणीला हात लावायचा नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी १८७९ साली तणांच्या बिया वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरल्या आणि पुरल्या, प्रत्येक जातीच्या ५० बिया प्रत्येक बाटलीत. अगदी अलीकडची बाटली २०२१ मध्ये काढली, तरी उरलेल्या बाटल्या अजून जशाच्या तशा आहेत. बाटल्या वेगळ्या नसत्या तर हा प्रयोग पहिल्या दहा वर्षांत संपला असता. किती दिवसांनी मोजायचं, याला जनुकपेढ्यांचा नियम घरीही चालतो: सुरुवातीच्या उगवणीच्या ८५ टक्क्यांवर यायला जितका काळ लागेल असा अंदाज आहे, त्याच्या तिसऱ्या हिश्शाने पुढची चाचणी. अंदाज दीड वर्षाचा असेल तर दर सहा महिन्यांनी.

सहाव्या दिवसाचा आकडा कधीही फेकू नका. शेवटची उगवण ९० वर स्थिर असतानाच सहाव्या दिवसाची ८४ वरून ७० वर येते, म्हणजे बी जगतंय पण जोम गेलाय. असं बी कागदावर उगवतं, चिकण मातीच्या वाफ्यात पाऊस पडून वरचा थर बसला की अडकतं.

काही जण वेगवर्धित जरा (म्हातारपण) चाचणी सुचवतील, म्हणजे बी मुद्दाम लवकर म्हातारं करण्यासाठी ४१ अंशांवर, दमट डब्यात ७२ तास ठेवून मग उगवण बघणं. सोयाबीनचे दोन लॉट एकमेकांशी ताडून बघायला ती उत्तम आहे. पण त्यावरून "आपलं बी अमुक वर्षं टिकेल" असं काढू नका, तिथली मरणाची गती आणि बरणीतली गती यांचं सरळ नातं बसत नाही. टेट्राझोलियम या रसायनाने बीचा जिवंत भाग लाल होतो, त्या रंगावरून दोन दिवसांत जिवंत-मेलेलं कळतं, मात्र कांद्याची बारीक बी चिरून वाचायला सराव लागतो.

हे सगळं कांद्यासारख्या वाळवून टिकणाऱ्या बीला लागू आहे. आंबा, फणस, जांभूळ यांच्या बिया वाळवल्या की मरतात, त्यांना हा हिशेब लावू नका. भेंडी, मूग, उडीद यांत कडक कवचाच्या बिया असतात, पाणी शोषत नाहीत आणि बाराव्या दिवशीही दगडासारख्या राहतात. त्या मेलेल्या नाहीत, वेगळ्या मोजायच्या. उपट्या नसलेल्या पसऱ्या भुईमुगात आणि सूर्यफुलात काढणीनंतर काही आठवडे सुप्तावस्था असते, तेव्हा पहिली चाचणी कमी आणि दुसरी जास्त येते. बी सुधारलं असं वाटतं, ते फक्त जागं झालेलं असतं.

तुमच्या दोन किलोंचं असं करा. याच आठवड्यात ४०० बियांची चाचणी लावा आणि त्याच दिवशी बी जेलमध्ये घाला, चाचणीच्या निकालाची वाट बघत बसू नका, कारण प्रत्येक दमट आठवड्याने रेष खाली जातेय. गेलेली उगवण वाळवून परत येत नाही, पुढचा उतार मात्र मंदावतो. गेल्या आठ महिन्यांत ओल सरासरी ११ टक्के होती असं धरलं, तर ८ वर आणल्यावर वेग एक-अष्टमांश होतो आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात ४८ ऐवजी ७९ टक्क्यांच्या जवळपास उगवण मिळायला हवी. चारशेच्या चाचणीत ८० किंवा वर आलं तर उरलेलं ठेवा. ७५ च्या खाली आलं तर सगळं यंदाच वापरा, आणि प्रमाण वाढवा: ९० टक्क्यांच्या बियाण्याला एकरी तीन किलो टाकत असाल, तर ७५ च्या बियाण्याला ३ किलो ६०० ग्रॅम. ६० च्या खाली गेलेल्या बियाण्यात प्रमाण वाढवूनही उपयोग नाही, जी रोपं येतात तीच मुळात अशक्त असतात.